घरघर लागली म्हणजे

मराठीत ‘घरघर लागली’ म्हटलं की पुढचं बोलायची गरज उरत नाही. माणूस असो की संस्था, दिवस भरत आले असं ऐकणारा समजून घेतो. माळ्यावरच्या एक्झॉस्ट पंख्याला घरघर लागली की घरचे लोकही तोच अर्थ काढतात आणि नवा पंखा आणायच्या गोष्टी सुरू होतात. पंख्याचे दिवस मात्र क्वचितच भरलेले असतात. कुठे एखादा स्क्रू ढिला झालेला असतो, कुठे एका पात्यावर जास्त धूळ चढलेली असते. कधी पंखा ठणठणीत असतो आणि तो ज्या लाकडाला आवळलाय ते लाकूडच बोलत असतं.

म्हणून शिडी लावण्याआधी आवाजाला नाव द्यावं. या बाबतीत आपली भाषा फार सोयीची आहे. सलग, एकाच पट्टीतली गुणगुण असेल तर ती बहुधा विजेची. खडखड पत्र्याची किंवा सैल स्क्रूची. किरकिर कोरड्या बुशाची (शाफ्ट, म्हणजे मोटरचा फिरता दांडा, ज्यात फिरतो ती धातूची नळी), खरखर झिजलेल्या बेअरिंगची. धडधड म्हणजे पात्यांचा तोल गेलाय. पंखा सुरू होताना आणि थांबताना एकदाच ‘टक्’ होत असेल तर पातं शाफ्टवर सैल आहे. फडफड झडपेची आणि घोंघों हवेची. हे वर्गीकरण काही शास्त्रातून आलेलं नाही, पण ते सहसा चुकत नाही. ते चुकलं की मात्र उपायही भलतीकडे जातो. सगळ्यात जास्त वाया जातं ते तेल. खडखडीवर, गुणगुणीवर, घोंघोंवर, सगळ्यावर लोक तेलच ओततात आणि मोटरच्या अंगावर तेल-धुळीचा लेप तेवढा चढतो.

याहून खात्रीची परीक्षा एकाच स्विचात होते. पंखा पूर्ण वेगात असताना तो बंद करा आणि थांबेपर्यंतचे वीस-तीस सेकंद कान देऊन ऐका. स्विच पडताच, पाती अजून गरगरत असतानाच, जो आवाज कापल्यासारखा बंद होतो तो चुंबकीय. म्हणजे मोटरची कॉइल, गाभ्याच्या पत्र्या, कपॅसिटर किंवा रेग्युलेटर. जो आवाज वेगाबरोबर खाली उतरत जातो तो यांत्रिक किंवा हवेचा. आणि वेग उतरत असताना मध्येच एका ठिकाणी क्षणभर जोरात उमटून जो विरून जातो, तो अनुनादाचा. त्या वेगाला घरातली कुठली तरी पट्टी, पत्रा किंवा वासा नेमका डोलतो. पंखा उतरवून दुरुस्तीला नेण्याआधी ही परीक्षा केलेली बरी, कारण टेबलावर ठेवलेला तोच पंखा बहुतेकदा शहाण्यासारखा गप्प फिरतो.

वर जाताना पथ्यं पाळायची ती अशी. वीज भिंतीवरच्या स्विचने बंद न करता एमसीबीवरून बंद करावी. बऱ्याच माळ्यांत पंखा थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान बघून चालू-बंद होणाऱ्या स्विचवर असतो आणि हात पात्यांत असताना तो स्वतःहून सुरू होऊ शकतो. एमसीबी पाडल्यावर पंख्याच्या जोडणीपाशी टेस्टर लावून खात्री करावी. पाय फक्त तुळयांवर टाकावा, मधल्या पातळ छतावर नाही. दोन तुळयांवर आडवी जाड फळी टाकून बसायला जागा केली की हात मोकळे राहतात. उन्हाच्या दिवसांत माळ्यातली हवा ५० अंशांच्या वर सहज जाते, तेव्हा काम पहाटे उरकावं. तोंडाला मास्क, अंगात लांब बाह्यांचे कपडे, डोक्याला लावायचा दिवा. कपॅसिटरला हात लावायचा असेल तर वीज गेल्यावरही त्यात भार शिल्लक असू शकतो. त्याची टोकं आधी रोधक (रेझिस्टर) बसवलेल्या वायरने जोडून भार उतरवावा.

आता धडधड. अंगापेक्षा आवाज मोठा असलेलं हे दुखणं. मिनिटाला १४०० फेऱ्या मारणाऱ्या पंख्यात मध्यापासून २० सेंटिमीटरवर, एकाच पात्यावर, ५ ग्रॅम चिकट धूळ जास्त बसली आहे असं धरा. पाच ग्रॅम म्हणजे चमचाभर. फिरताना ती धूळ शाफ्टला सुमारे २१ न्यूटन जोराने बाहेर ओढते, म्हणजे दोन किलोंहून जास्त वजन लटकल्यासारखं. ही ओढ सेकंदाला २३ वेळा गोल फिरते. वासा थरथरतो, खालचं छत थरथरतं, आणि हळूहळू बुशही एका बाजूने खाल्ला जातो. म्हणून पहिलं काम साफसफाईचं, आणि तीही पुरी. अर्धवट पुसलेला पंखा न पुसलेल्या पंख्यापेक्षा वाईट, कारण आधी निदान धूळ सगळीकडे सारखी होती. पात्याच्या दोन्ही बाजू आधी कोरड्या ब्रशने, मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसाव्यात. मोटरवर पाणी उडवू नये.

पुसूनही धडधड राहिली तर माप घ्यायचं. चौकटीला एक काडी अशी बांधावी की तिचं टोक एका पात्याच्या कडेपासून जेमतेम सुटेल. मग हाताने पंखा फिरवत प्रत्येक पात्याचं त्या टोकापासूनचं अंतर बघावं. दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक पडला तर ते पातं वाकलेलं आहे. पत्र्याचं पातं हाताने हळूहळू सरळ करता येतं, प्लास्टिकचं वाकलेलं पातं बदलावंच लागतं. सगळी पाती एका रेषेत असूनही, हलकी टिचकी देऊन सोडल्यावर तेच पातं दर वेळी खाली येऊन थांबत असेल तर ते जड आहे. समोरच्या पात्यावर पाठीमागून ग्रॅमभर वजनाचा चिकट तुकडा लावून पुन्हा फिरवावं, आणि पंखा कुठेही थांबू लागेपर्यंत वजन किंवा जागा बदलत राहावं. ही युक्ती शाफ्ट आडवा असेल तरच चालते. छताला तोंड करून उभ्या शाफ्टवर बसवलेल्या पंख्यात जड पात्याला खाली यायला वावच नसतो. तिथे अंदाजाने चिकटवून, चालवून, ऐकून ठरवावं लागतं.

पातं शाफ्टवर ज्या छोट्या ग्रब स्क्रूने धरलेलं असतं तो अॅलन कीने तपासायचा. शाफ्टवर एका बाजूला सपाट कापलेली जागा असते, स्क्रूचं टोक नेमकं त्या सपाटीवर बसलं पाहिजे. गोल भागावर आवळलेला स्क्रू महिन्याभरात पुन्हा सैल होतो. त्याच्या आट्यांना मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आट्या धरून ठेवणारा गोंद) एक थेंब लावला की पुरे. जास्त ताकदीचा लावला तर पुढच्या वेळी तो निघायचा नाही.

चौकटीच्या खडखडीवर फार बोलण्यासारखं नाही. पातळ पत्र्यात घुसवलेले स्क्रू दोन-तीनदा आवळले की भोकाच्या आट्या संपतात. मग कितीही फिरवा, स्क्रू नुसता फिरतो. तिथे आरपार बोल्ट, वॉशर आणि नायलॉनची कडी असलेला नट घालावा. पत्र्यावर पत्रा जिथे आपटतो तिथे फेल्टची (नमद्याची) पट्टी लावावी.

किरकिर आणि खरखर यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण गफलती इथेच सगळ्यात जास्त होतात. हलक्या पंख्यांत शाफ्ट बुशात फिरतो. हा बुश सच्छिद्र ब्राँझचा असतो आणि त्याच्या छिद्रांतच तेल मुरवलेलं असतं. भोवती फेल्टची कडी असते, ती तेलाचा साठा. माळ्यातली उष्णता हे तेल उडवते, उरलेलं चिकट होतं, आणि मग पंखा सुरू होताना किरकिरतो, गरम झाल्यावर जरा गप्प बसतो. याला तेल हाच इलाज, पण तेल योग्य हवं. शिवणयंत्राचं किंवा हलक्या मोटरचं यंत्रतेल चालतं. जाम सोडवायचा फवारा मारू नये. तो दोन दिवस आवाज बंद करतो आणि जाताना बुशातलं उरलंसुरलं तेल धुऊन नेतो. मोटरच्या दोन्ही टोकांना तेलाचं भोक किंवा बारीक बूच असेल तर तिथे दोन-तीन थेंब, हाताने शाफ्ट फिरवत. भोक नसेल तर मोटर उघडून फेल्ट भिजवावं लागतं. ओसंडून वाहणारं तेल वाईंडिंगवर जातं आणि तिथे धूळ धरतं.

थोड्या मोठ्या पंख्यांत बॉल बेअरिंग असतं. ते बंदिस्त असेल तर त्याला बाहेरून तेल पोहोचतच नाही, ते बदलायचंच असतं. शाफ्ट बोटांत धरून हलवून बघावा. लांबीच्या दिशेने किंचित खेळ असणं साहजिक आहे, पण आडवा खेळ लागला किंवा फिरवताना वाळूत फिरवल्यासारखं बोटाला जाणवलं तर बेअरिंग गेलं. ऐकायचंच असेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या न फिरणाऱ्या टोपीवर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावावी. झिजलेलं टोक कोणतं ते लगेच कळतं. पंखा चालू असताना ऐकावं लागत असल्याने बाह्या आणि केस पात्यांपासून दूर हवेत, आणि जाळी नसेल तर हा उद्योग करूच नये.

बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो. ६२०१ म्हणजे आतला व्यास १२ मिलिमीटर, बाहेरचा ३२, जाडी १०. ६२०२ म्हणजे १५, ३५ आणि ११. नंबरामागे ‘झेड झेड’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, ‘टू आर एस’ असेल तर रबराचं. माळ्यातल्या धुळीला रबराचं झाकण बरं. मोटर खूप तापत असेल तर आतला खेळ थोडा जास्त असलेलं ‘सी थ्री’ घ्यावं. मोटर उघडण्याआधी दोन्ही टोप्या आणि मधलं कवच यांच्यावर पोगराने म्हणजे पंचने खुणा कराव्यात, म्हणजे परत लावताना टोपी वाकडी बसत नाही. चार लांब बोल्ट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळावेत आणि प्रत्येक वेळी शाफ्ट हाताने फिरतोय ना हे बघावं. जुनं बेअरिंग पुलरने काढावं. नवं शाफ्टवर बसवताना जोर फक्त आतल्या कडीवर द्यायचा, तिच्याच मापाची नळी ठेवून. बाहेरच्या कडीवर हातोडी मारली की जोर गोळ्यांमधून जातो, आतल्या वाटेवर बारीक खळगे पडतात, आणि कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरतं. मग दोष बेअरिंगला मिळतो.

एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. बुशाची मोटर साधारणपणे आडव्या शाफ्टसाठी केलेली असते. तीच छतात उभी लावली की पात्यांचं आणि रोटरचं (मोटरच्या आतल्या फिरत्या भागाचं) सगळं वजन एका टोकाच्या वॉशरवर येतं, तेल खाली निथळतं, वरचा बुश कोरडा पडतो. अशा पंख्याला दर हंगामात तेल घालत बसण्यापेक्षा उभ्या बसणीला चालणारी बॉल बेअरिंगची मोटर घालणं शहाणपणाचं.

गुणगुणीकडे वळू. एकफेज मोटरमध्ये विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट गतीने कंप असतोच. ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झची गुणगुण, ६० हर्ट्झवर १२० ची. ही मोटरची जात आहे, दोष नाही. म्हणूनच चांगल्या मोटरी दोन्ही टोकांना रबरी कड्यांमध्ये बसवलेल्या असतात. माळ्याच्या उष्णतेत त्या कड्या काही वर्षांत दगडासारख्या होतात आणि तोवर अडलेली गुणगुण सरळ चौकटीत उतरते. नखाने दाबून बघावं. नख रुतत नसेल तर कडी बदलावी. गुणगुण अचानक वाढली असेल आणि पंखा सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर कपॅसिटर मोजावा. अंगावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी भरला तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि निदान तेवढ्याच व्होल्टचा नवा घालावा. वेग कमी करायला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला असेल आणि मधल्या आकड्यांवरच गुणगुण होत असेल, तर तो विजेची लाट कापून पाठवतो म्हणून मोटर कण्हते. त्या जागी कपॅसिटरचा टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर लावला की बहुधा प्रश्न मिटतो.

पण खोलीत झोपलेल्याला ऐकू येणाऱ्या आवाजात पंख्याचा स्वतःचा वाटा किती? तंबोऱ्याची तार भोपळ्यावाचून छेडून बघा, हाताच्या अंतरावर ती ऐकू येत नाही. तार तीच, सूर तोच, मोठा करतो तो भोपळा. माळ्यावरच्या पंख्याला असा भोपळा आयताच मिळतो. वासे, तुळया, त्यांना ठोकलेलं पातळ छत, आणि खाली झोपायची खोली. पंखा चालू असताना तळहात आधी चौकटीवर, मग वाशावर, मग खाली येऊन छतावर ठेवून बघावा. छत हाताला थरथरलं तर तेल, बेअरिंग, कपॅसिटर सगळं बाजूला ठेवून आधी ही वाट तोडावी.

ती तोडताना होणारी ठरलेली चूक म्हणजे रबराचा पातळ तुकडा मध्ये घालून बोल्ट करकचून आवळणं. कंप तेव्हा रबरातून जातच नाही, बोल्टातून जातो. बोल्टाच्या भोवती रबरी नळी हवी, डोक्याखाली रबरी वॉशर हवा, आणि आवळणं इतकंच की रबर फुगेल पण चिरडणार नाही. दुसरं, रबर पंख्याच्या वजनाने खरंच दबलं पाहिजे. हिशोब सरळ आहे. आधार जितके मिलिमीटर दबतो त्याचं वर्गमूळ काढून त्याने १५.८ ला भागलं की त्या आधाराची स्वतःची डोलण्याची गती हर्ट्झमध्ये मिळते. पंखा १४०० फेऱ्यांचा म्हणजे २३ हर्ट्झचा. आधार ४ मिलिमीटर दबला तर त्याची गती येते सुमारे ८, पंख्याच्या एक तृतीयांश, आणि वाशाकडे जाणारा हादरा आठव्या हिश्शावर येतो. एक मिलिमीटर दबला तर फायदा जवळजवळ शून्य. अर्धाच मिलिमीटर दबला तर त्याची गती २२ च्या घरात जाते, पंख्याशी जुळते, आणि धडधड वाढूही शकते. ‘रबर लावलं तरी काही फरक नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांचं रबर बहुतेकदा असंच टणक असतं. मऊ रबर वजन पेलत नसेल तर स्प्रिंगवर टांगावं. टांगलेल्या पंख्याला पुढे डक्ट (हवेचा नळ) जोडायचा असेल तर मधला हातभर भाग कापडी किंवा लवचीक हवा, नाहीतर तोडलेली वाट डक्टमधून पुन्हा जोडली जाते.

राहिली घोंघों. ती अनेकदा भुकेची असते. पंखा जितकी हवा बाहेर फेकतो तितकी माळ्यात शिरायला वाट पाहिजे. ताशी १००० घनमीटर हवेला ०.१८ चौरसमीटर मोकळी जागा हे रूढ प्रमाण. मोकळी म्हणजे खरोखर मोकळी. बारीक जाळी आणि तिरक्या पट्ट्या मिळून निम्मी जागा सहज खातात, त्यावर जाळं आणि धूळ चढली की उरलेलीही जाते. पंखा चालू असताना माळ्याचं झाकण उघडून बघावं. उघडताच आवाजाची जात बदलली, घोंघों सैल पडली, तर पंखा उपाशी आहे. हे नुसतं आवाजाचं प्रकरण नाही. उपाशी पंखा छताच्या फटींतून घरातली हवा ओढतो, आणि घरात गॅसवर किंवा लाकडावर चालणारा, धुरांड्याचा बंब असेल तर त्याचा धूर उलटा खोलीत येऊ शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. अशा घरात आधी हवेची वाट मोकळी करावी, छताच्या फटी बुजवाव्यात, मग पंखा चालवावा.

पात्यांच्या अगदी समोर वासा किंवा पाइप आडवा येत असेल तर प्रत्येक पातं त्याच्या सावलीतून जाताना एक धक्का देतं. चार पाती, १४०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ९३ धक्के, आणि कानाला तो भोंग्यासारखा एक सूर वाटतो. पंख्याच्या व्यासाइतकी जागा मोकळी सोडता आली तर तो जवळपास नाहीसा होतो. झडपेच्या फडफडीला कडांना फेल्ट आणि बिजागरीला थोडं कोरडं ग्रॅफाइट पुरतं. पंखा चालू असतानाही झडप अर्धवट उघडून थरथरत असेल तर हवाच कमी पडते आहे, म्हणजे पुन्हा वरचाच प्रश्न.

रात्री दोन वाजता पंखा चालतोच कशाला, हेही एकदा बघावं. थर्मोस्टॅट फार खाली लावलेला असला की बाहेर गार हवा असूनही तो पंखा बंद होऊ देत नाही. ४० अंशांच्या आसपास ठेवला तर बहुतेक माळ्यांना पुरतो.

एवढं सगळं करून पंखा बदलायचाच ठरला, तर मोठा आणि संथ घ्यावा. लहान आणि वेगवान पंखा तितकीच हवा फेकेल, पण ओरडून. त्याच पंख्याचा वेग २० टक्क्यांनी उतरवला तर हवा २० टक्के कमी होते, आवाज मात्र सुमारे ५ डेसिबलने पडतो आणि पाती फिरवायला लागणारी ताकद निम्म्यावर येते. ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलची (आत चार चुंबकीय ध्रुव असलेली) मोटर १४०० च्या आसपास फिरते, सहा पोलची ९०० ते ९५०. झोपायच्या खोलीवर सहा पोलचीच.

खाली उतरण्याआधी मोटरच्या कवचावर पक्क्या शाईने तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: बेअरिंगचा नंबर, कपॅसिटरचे मायक्रोफॅरड आणि शेवटचं तेल घातल्याची तारीख. बुशाची मोटर असेल तर ‘बुश, बेअरिंग नाही’ एवढं आणखी. पुढच्या वेळी शिडीवर जो कोणी असेल त्याला हे वाचायला मोटर उघडावी लागू नये.